जीपमधली खुडूक कोंबडी

आमच्या मुरबाडच्या वसतिगृहातली पोरं आता पन्नाशीला टेकली, पोटं सुटली, तरी महिपतमामांपुढे पोरंच. मामा वसतिगृहाच्या जीपचे ड्रायव्हर. लोकांच्या जुन्या गाडीचं हॉर्न सोडून सगळं वाजतं म्हणतात. आमच्या जीपचा हॉर्नही वाजायचा, आणि तोच सगळ्यात मोठ्याने.

दर जूनमध्ये नवी पोरं घराच्या आठवणीने पळून जायची. मामा त्यांच्या मागे पार डोळखांबच्या पाड्यांपर्यंत जायचे. ओरडणं नाही, मारणं नाही. पळपुट्याला पुढच्या सीटवर बसवायचे आणि वसतिगृह येईपर्यंत हॉर्न त्याच्या ताब्यात द्यायचे. मी तीनदा पळालो. पहिल्यांदा आईच्या आठवणीने, पुढे दोनदा निव्वळ हॉर्नसाठी.

मामा निवृत्त झाले तेव्हा संस्थेने भंगारात निघालेली जीप त्यांनाच दिली. ती त्यांच्या गावी, वैशाखऱ्याला, अंगणात मांडवाखाली उभी राहिली. दरवर्षी म्हशाची जत्रा उरकली की आम्हा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. आधी वैशाखऱ्याला जाऊन जीपला हार घालायचा, प्रत्येकाने एकदा हॉर्न वाजवायचा, गिरजामामींच्या हातचा चहा घाईघाईने घशाखाली घालायचा आणि जेवायला मुरबाड गाठायचं.

यंदा राघोच्या डोक्यात किडा वळवळला. राघो आमच्यातला कंत्राटदार. रिकामी जागा दिसली की त्याला तिथे सिमेंट ओतावंसं वाटतं. त्याने वसतिगृहाच्या फाटकाशी चौथरा बांधला. जीप रंगवून त्यावर चढवायची, कायमची. मामांना विचारलं तर म्हणाले, "तुमचीच गाडी, तुमी न्या." तेव्हाच मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघायला हवं होतं.

क्रेन आणि ढोलताशे घेऊन आम्ही वीस जण धडकलो. मामी दारातच तोंडावर बोट ठेवून उभ्या.

"हळू रे! कोंबडी बसलीय."

ड्रायव्हरच्या सीटवर पाटी, पाटीत पेंढा, पेंढ्यात अकरा अंडी आणि त्यांवर लाल खुडूक कोंबडी.

"पाटी उचलून बाजूला ठेवू की," राघो म्हणाला.

"जागा हलली का ती अंडी सोडते," मामा म्हणाले. "अकरा जीव हायेत. चालंल तुला?"

राघोने तरी हात घातला. कोंबडीने असा टोचा मारला की कंत्राटदारसाहेब एका पायावर अंगणभर नाचले.

मग अख्खा मेळावा कुजबुजत पार पडला. ढोलवाले रस्त्याकडेला चहा पीत बसले. क्रेनवाला झोपला. आमचा जना मुख्याध्यापक, त्याला माइकशिवाय बोलता येत नाही. त्याने स्वागताचं भाषण राघोच्या कानात केलं, राघोने ते पुढच्याच्या कानात सांगितलं, असं करत ते विसाव्यापर्यंत पोचलं. हार घालायला चवड्यांवर गेलो. तेवढ्यात कुणाला तरी हसू फुटलं, आणि वीस बाप्ये तोंडात रुमाल कोंबून अंगणात लोळले. वसतिगृहात दिवे मालवल्यावर आम्ही अस्सेच हसायचो. त्या दिवशी मुरबाडला जेवायला कुणी गेलंच नाही. मामींनी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या आणि वालाचं बिरडं केलं. "कोंबडी सोडून काय पन मागा," असंही बजावलं.

"एकवीस दिवसांनी या," मामा म्हणाले.

एकवीस दिवसांनी गेलो. नऊ पिल्लं अंगणभर पळत होती. आणि जीपच्या मागच्या सीटवर काळी कोंबडी बसली होती. पुन्हा कुजबुज, पुन्हा बिरडं. इकडे राघोच्या चौथऱ्यावर बकऱ्या चढायला लागल्या.

तिसऱ्या खेपेला टोकावड्याला काम होतं म्हणून मी आदल्या दिवशीच मामांकडे वळलो. मामा शेजारच्या अंबूबाईच्या अंगणातून येत होते. काखेत कोंबडी. मला बघून जागच्या जागी थबकले.

"मामा, ही उसनी?"

ते जीपला टेकले. "पयली आमची होती. पन आमची परत कवा खुडूक व्हायची? उद्या तर तुमी येनार." मग बराच वेळ कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "गाडी तिकडं गेली का तुमी तिकडंच जमाल रे. वैशाखऱ्याला कशाला याल? आमाला पोर ना बाळ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं आम्ही या अंगणात येऊन लोखंडाला हार घालत होतो, आणि हा माणूस बाजूला कपबशा गोळा करत उभा असायचा. मी जीपचं दार उघडून धरलं. मामांनी पाटीतल्या तेरा अंड्यांवर कोंबडी बसवली.

मग अंगणाबाहेर जाऊन राघोला फोन लावला. "राघो, अजून एक बसली रे."

आता हा भडकणार म्हणून मी फोन कानापासून लांब धरला.

"किती अंडी?"

"तेरा."

"म्हणजे परत एकवीस दिवस." राघो खाकरला. "क्रेनवाल्याला मी मागेच नको म्हणून सांगितलंय. मागच्या खेपेला अंबूबाई मलाच विचारत होती, माजी काळी कोंबडी कवा सोडताव म्हणून. मामांना सांग, आता लोकांच्या दारात जाऊ नका. आमच्या घरची एक खुडूक व्हायला आलीय. पुढच्या पाळीला मी घेऊन येतो."