अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

माळ्यावरून निळी बॅग खाली काढली, चेन ओढली, आणि डांबरगोळ्यांच्या वासाआडून तो जुना, भाजलेल्या मातीचा वास आला. शिवणींत अजून तांबूस धूळ अडकलेली आहे. इतक्या वर्षांत ती झटकायला माझा हात धजला नाही. वरच्या मजल्यावरची मुलगी पुढच्या आठवड्यात त्याच देशात नोकरीला चालली आहे. नळपाण्याच्या योजनेचं काम आहे म्हणे. युद्ध संपलेला, पण अजून धड उभा न राहिलेला देश. नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात त्याचा दोष नव्हता. आमच्या मुलुंडच्या या इमारतीत तिथे जाऊन आलेली मी एकटीच, म्हणून ती वही घेऊन माझ्याकडे आली. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. उठताना मात्र हळूच म्हणाली, "मावशी, ते सुरुंगाबिरुंगाचं आईला नको सांगूस हं. उगाच टेन्शन घेईल ती." त्याच संध्याकाळी मी वर जाऊन तिच्या आईला सगळं सांगितलं. मुलगी माझ्याशी बोलेनाशी झाली आहे. नाही बोलली तरी चालेल.

सांगण्यासारखं तसं साधंच असतं. कागदपत्रांच्या तीन प्रती, तीन वेगवेगळ्या ठिकाणी. पाणी उकळून, नाहीतर तहान मारून. पूल, चौकी, गणवेशातला माणूस यांचे फोटो काढायचे नाहीत. कुणाच्या घरी भिंतीवर तसबीर दिसली तर यातला हा कुठे असतो, असं विचारायचं नाही. आपल्याकडे ती आपुलकी, तिथे ती जखमेवरची खपली. प्रवास दिवसाउजेडी. आणि काही झालं तरी डांबरी रस्ता सोडायचा नाही, अगदी लघवीला सुद्धा नाही. हे सगळं मला मानखुर्दच्या एका नर्सबाईंनी सांगितलं होतं. त्या तिथे दोन वर्षं काम करून आल्या होत्या. शेवटी त्यांनी माझा हात धरून बजावलं, "दगडांना तांबडा रंग दिसला ना, की समजायचं आसपास सुरुंग आहेत. पांढरा असेल तर साफ केलेली जमीन. हे बरोबरच्या माणसाला आधी सांगा."

बरोबरचा माणूस म्हणजे माझे वडील. भांडुपच्या चाळीत आयुष्य काढलेले, गिरणी बंद पडल्यावरही सकाळी साडेसहाला अंघोळ करून तयार राहणारे, मुंबईत पन्नास वर्षं घालवून मालवणी न सोडलेले. माझा धाकटा भाऊ तिथे क्रेन चालवत होता, युद्धात पडलेला पूल पुन्हा उभा करायच्या कामावर. एका सकाळी फोन आला की ताप मेंदूत गेला आहे, घरच्यांनी यावं. त्यानंतर फोन लागेना. आईला मावशीकडे ठेवून आम्ही दोघं निघालो. सुरुंगांचं मी वडिलांना सांगितलं नाही. घाबरतील म्हणून नाही सांगितलं, असं मी लोकांना सांगत आले. खरं म्हणजे माझ्या एकटीच्या भीतीनेच मी मेटाकुटीला आले होते, त्यांची भीती सांभाळायची ताकद माझ्यात उरली नव्हती. "बाबा, रस्ता सोडायचा नाही हं," एवढंच म्हटलं. त्यांनी मान डोलावली. खाण्याचं काही न्यायचं नाही, असंही बजावलं होतं. त्याला मान डोलावून त्यांनी धोतरात गुंडाळून गावच्या देवाच्या नावाचा नारळ बॅगेत कोंबला होता. मी सुरुंग लपवले, त्यांनी नारळ.

विमानतळापासून इस्पितळ सहा तासांवर होतं. दोन्ही बाजूंना पिवळं गवत, छप्पर उडालेल्या शाळा, आणि त्यांच्या अंगणात वाळत घातलेले कपडे. माणसं किती लवकर कपडे वाळत घालायला लागतात, असं मनात आलं होतं. अर्ध्या वाटेत गाडी तापली. ड्रायव्हरने बॉनेट उघडलं, आम्हाला हातानेच गाडीपाशी थांबा म्हणून खुणावलं. मी तोंडावर पाणी मारून वळले तर वडील नव्हते. आधी त्यांच्या चपला दिसल्या, रस्त्याच्या कडेला नीट जोडीने काढलेल्या. मग ते दिसले. पंधरा-वीस पावलं आत, एका झाडाखाली, हातात नारळ. त्यांच्यासमोर तांबड्या रंगाच्या दगडांची ओळ होती.

कोकणातल्या माणसाला झाडाखाली तांबडा दगड दिसला तर तो दुसरं काय करणार? सीमेवरचा राखणदार समजून तो चपला काढतो, नारळ ठेवतो आणि मनातलं त्याच्यापुढे मांडतो. परका मुलूख, परका देव, पण देवच ना. मुलाचा जीव टांगणीला लागलेला, आणि इतक्या दूर आल्यावर पहिल्यांदाच त्यांना ओळखीचं कुणीतरी भेटलं होतं. त्यांचा तो गाऱ्हाण्यातला वरच्या पट्टीतला आवाज माझ्यापर्यंत आला. "बा देवा म्हाराजा! तुझ्या राज्यात माझो झील आजारी पडलो हा. काय चुकला माकला असात तर माका सांग. पण तेका उठव रे म्हाराजा..." आणि ते थांबले. गावात अशा वेळी सगळे मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तेवढं म्हणायला कुणी हवं, म्हणून त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ड्रायव्हरने माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि तो त्याच्या भाषेत जिवाच्या आकांताने ओरडत होता.

"बाबा, हलू नका!"

"गाऱ्हाणा घालतंय गो. मदीच हाक मारू नको."

"बाबा, तो देव नाही. खाली सुरुंग आहेत. फुटतील!"

त्यांनी आधी दगडांकडे पाहिलं, मग स्वतःच्या अनवाणी पायांकडे. "आलात त्याच पावलांवर पाय ठेवून या," मी म्हणाले, आणि तो आवाज माझाच होता यावर माझा विश्वास बसेना. दबलेल्या गवतात स्वतःच्या खुणा शोधत ते एकेक पाऊल टाकत आले. मी देवाला, दगडाला, त्या ड्रायव्हरला, कुणाकुणाला हात जोडले, मला आठवत नाही. ते चपला घालून गाडीत बसले. नारळ तसाच मांडीवर. गाडी सुरू झाल्यावर म्हणाले, "अर्धा रवला गो."

इस्पितळात कळलं की भाऊ आदल्या दिवशी दुपारीच गेला होता. आम्ही तेव्हा मुंबईच्या विमानतळावर रांगेत उभे होतो. रडणं फुटायच्या आधी मला पहिली गोष्ट सुचली ती हीच, की वडिलांना हे आत्ताच सांगायला हवं. "बाबा, तो कालच गेला. आपण तिथे थांबलो त्याच्या आधीच. गाऱ्हाण्याने काही झालं नसतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाले, "रस्त्याचा पण लपवलंस. आता ह्या पण माका बरा वाटाचा म्हणून सांगतंस." मी मृत्यूचा दाखला पुढे केला, तारखेवर बोट ठेवलं. "तारीख काय, कोणय घालता," असं म्हणून त्यांनी तो घडी करून मला परत दिला.

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. आता तो पूल पुरा झाला आहे. वरची मुलगी त्याच्यावरूनच जाईल. त्या गवतातले सुरुंगही माणसं गुडघ्यांवर बसून, वितीवितीने काढत असतील, दगड पांढरे होत असतील. देश सुद्धा सावरतात. वडिलांच्या मनातला तो दगड मात्र मला पांढरा करता आला नाही. ते मला कधी टाकून बोलले नाहीत. जत्रेला गावी जात राहिले, पण गाऱ्हाण्याच्या वेळी सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणत, तेव्हा त्यांचे ओठ मिटलेले असत. शेवटच्या आजारात घाटकोपरच्या इस्पितळात एका दुपारी मी पुन्हा एकदा, पदर पसरावा तशी, त्यांना म्हणाले, "बाबा, तो खरंच आदल्या दिवशी गेला होता हो." त्यांनी सलाईन लावलेला हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. रडणाऱ्या पोरीची समजूत घालावी तसं थोपटत म्हणाले, "व्हय गो, व्हय."