रिकाम्या खुर्चीतलं ‘हं’

जपानमधल्या तोयोसुच्या ऑफिसात माझी ख्याती होती, की हा माणूस टीमला मोकळीक देतो. “निर्णय तुझा,” असं मी ज्याला त्याला सांगायचो. खोटं होतं ते. कुणी काही ठरवलं की पटलं तर मी “हं” करायचो, नाही पटलं तर गप्प बसायचो. मी गप्प बसलो की निर्णय बदलायचा. मला ते कळत होतं. बरंही वाटायचं, हेसुद्धा आज लिहून टाकतो.

मी पुण्याला परतणार होतो. माझ्या जागी टीममधल्याच एका मुलीचं नाव चाललं होतं. हुशार मुलगी, आणि तिला ती जागा मनापासून हवी होती. आठवडाभर टीमच्या लोकांना कामातलं त्यांचं त्यांना ठरवू दे, म्हणून मी रजा घेतली.

एका दुपारी राहवलं नाही, गेलो. मीटिंगरूमचं दार अर्धवट उघडं होतं. टेबलाच्या टोकाची माझी खुर्ची रिकामी. जागा नसल्यानं एकजण उभा होता, पण तिच्यात कुणी बसलं नव्हतं.

“नवं व्हर्जन क्लायंटला पाठवायचं थांबवूया. टेस्टिंग अपुरं आहे,” ती म्हणाली. बरोबर होतं तिचं.

सगळे त्या खुर्चीकडे बघत होते, जपानी सहकारीसुद्धा.

मग “हं” ऐकू आलं. घशातलं, शेवटी जरा ओढलेलं. माझाच आवाज. मी नकळत ओठांना हात लावला, मिटलेले होते.

आवाज तिनं काढला होता. कुणी हसलं नाही. कीबोर्ड वाजू लागले. मी तसाच लिफ्टनं खाली उतरलो.

रजेनंतर ती माझ्या टेबलापाशी आली. “सर, ती जागा मला नको.”

“का गं? नक्कल तर झकास करतेस माझी!”

“नक्कल? कसली?” तिला खरंच कळलं नव्हतं.

मी विषय बदलला. “व्हर्जन थांबवलंस ना तू?”

“मी कुठे, सर? तुम्ही थांबवलंत.” मग म्हणाली, “त्या जागेला नाही म्हणून कळवू?”

ती माझ्या ओठांकडे बघत होती. गप्प बसलो असतो तर तिनं निर्णय बदलला असता, आणि तोही माझाच झाला असता. हे सगळं तिला सांगावं म्हणून तोंड उघडलं.

“हं,” निघालं. हुबेहूब तिच्यासारखं.

ती मान लववून वळली.