झाकणावरचे थेंब

इथले अनुभव वाचताना मी आजवर गालातल्या गालात हसत आले, हे आधीच सांगून टाकते. पांढऱ्या साडीतली बाई, पिंपळाखालचा म्हातारा, मागून येणारी पावलं... वाचायचं, चहा संपवायचा आणि कामाला लागायचं. मी ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलात रेडिओग्राफर आहे. माणसाच्या आत काय असतं ते रोज बघते, त्यात भूत कधी सापडलेलं नाही. त्यामुळे मी या सदरात लिहिणार म्हटल्यावर नितीननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, भुवया उंचावल्या. उंचावू देत. त्या दिवशी तोही घरातच होता.

मुक्ता आमची एकुलती एक मुलगी. वीस वर्षांची, जन्म इथलाच. मराठी बोलते, पण लिंगाच्या बाबतीत पूर्ण लोकशाही... तिच्या तोंडी डोंगर 'ती' असते आणि भाजी 'तो'. युनिव्हर्सिटीत जपानी शिकते, आणि त्या कोर्समधलं एक वर्ष एक्स्चेंजवर जपानमध्ये काढायचं असतं. कानाझावा नावाच्या शहरात एका सत्तरीच्या बाईंच्या घरी तिची राहायची सोय झाली. बाईंचे यजमान वारलेले, घरात एकट्याच. पहिल्याच आठवड्यात मुक्ता फोनवर म्हणाली, "आई, मी तिला ओकासान म्हणते."

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे... आई."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? वीस वर्षं डबे मी भरले, पेरेंट्स इव्हनिंगला शिफ्ट बदलून मी गेले, आणि आठ दिवसांत ही कोण आई उपटली?

रोज व्हिडिओ कॉलवर तिथल्या गमतीजमती कळायच्या. चहाच्या समारंभाला गेली, दोन घोट हिरव्या चहासाठी गुडघ्यांवर इतका वेळ बसली की उठताना पायाला मुंग्या येऊन यजमानीणबाईंच्याच अंगावर कोलमडली. गावच्या जत्रेत देवाची पालखी उचलायला खांदा दिला आणि खांद्यावरचा वळ अभिमानानं दाखवला. मग एक दिवस गरम पाण्याच्या झऱ्यावर गेली. तिथे म्हणे अंगावर सूत न ठेवता सगळ्या बायकांनी एकत्र बसायचं!

"आई, मी लाजून मरणार होते. पण ओकासाननं माझी पाठ चोळून दिला, मग काही नाही वाटलं."

पाठ चोळून दिली. दिवाळीत हे काम माझं असतं. मी म्हटलं, "छान हं," आणि फोन ठेवून ओटा दोनदा पुसला.

मुक्ताला हे कळत असावं, कारण तिनं आमचा तिघींचा एक ग्रुप केला. नाव ठेवलं 'दोन आया'. बाई त्यावर ओळीनं वाळत टांगलेल्या फळांचे फोटो टाकायच्या, मी चकल्यांचे. मुक्ता मध्ये बसून भाषांतर करायची. ती नसली की आम्ही एकमेकींना हात हलवायचो आणि हसायचो, यापलीकडे मजल गेली नव्हती.

दिवाळीच्या आसपास मुक्ता क्लासबरोबर क्योटोला गेली होती. बाईंनी ग्रुपवर एक फोटो टाकला. मुक्ताच्या जागेवर छोटं लाकडी ताट मांडलेलं. वाफाळता भात, लोणचं, झाकण ठेवलेला सूपचा वाडगा, शेजारी जेवायच्या काड्या. आणि समोर माणूस नाही.

घरात नसलेल्या माणसाचं पान आपल्याकडे कधी वाढतात, ते तुम्हाला सांगायला नको. मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्येच खाली बसले. मग मुक्ताला फोन लावला.

"त्यांना सांग, जिवंत माणसाचं पान असं मांडायचं नसतं! अभद्र असतं ते."

"आई, चिल! इथे उलटा आहे. घरातलं कोणी ट्रॅव्हल करत असेल ना, तर त्याच्यासाठी रोज ताट ठेवतात. कागेझेन म्हणतात. म्हणजे तो माणूस कुठेही उपाशी राहत नाही आणि सेफ परत येतो. आणि वाडग्याच्या झाकणाला आतून थेंब आले की समजायचं, तो ठीक आहे."

"गरम सूपवर झाकण ठेवलं तर थेंब येणारच. मुलगी डोंगरावर असो नाहीतर सोफ्यावर."

"मी तिला यातलं काहीच सांगणार नाहीये," मुक्ता म्हणाली, आणि खरंच नाही सांगितलं.

आता मुद्द्यावर येते.

नोव्हेंबरातला शनिवार. मुक्ता एक्स्चेंजच्या मुलांबरोबर डोंगरात लाल झालेली पानं बघायला गेली होती. तिथे त्या दिवसांत अस्वलं खाली उतरतात म्हणून पाठीच्या पिशवीला घंटी बांधतात. तिनं मला घंटीचा फोटो पाठवला होता, आणि मी अस्वल या विषयावर तिला बरंच ऐकवलं होतं.

इथे सकाळ, तिथे संध्याकाळ. मी धिरडी घालत होते. ग्रुपवर बाईंचा मेसेज आला, फोननं इंग्रजीत भाषांतर केलेला. तीनच वाक्यं. मुक्ता डोंगरावरून आली नाही. पोलीस आहेत. अंधार आहे.

झालं होतं ते असं. ती फोटो काढत मागे राहिली, तिला वाटलं बाकीचे पुढे गेले, बाकीच्यांना वाटलं ही आधीच्या बसनं गेली. धुकं उतरलं, वाट चुकली, फोनची बॅटरी संपली. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. तेव्हा फक्त ती तीन वाक्यं होती. नितीन दुसऱ्या फोनवर युनिव्हर्सिटीच्या इमर्जन्सी नंबरशी बोलत होता, त्याचा आवाज मी इतका हळू कधी ऐकलेला नाही.

बाईंनी व्हिडिओ कॉल लावला. भाषांतर करणारी पोरगीच हरवलेली! फोनचं भाषांतर वापरून पाहिलं, पण दोघी एकदम बोलायला लागलो की ते काहीतरी अगम्य लिहायचं. शेवटी मी फोन डब्याला टेकवून उभा केला. तिकडे त्यांनीही तसंच केलं असावं.

मग त्या उठल्या आणि मुक्ताच्या जागेवर ताट मांडलं. भात, लोणचं, झाकणाचा वाडगा. त्यांनी थोड्या वेळानं झाकण उचललं, उलटं करून कॅमेऱ्यापाशी आणलं. आतून थेंब. त्यांनी झाकणाकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर मूठ दोनदा आपटली आणि जोरात मान हलवली. जिवंत आहे.

मी काय करावं? हातावर हात ठेवून बसवेना. फ्रीजमध्ये शेवग्याच्या शेंगांची आमटी होती, ती शेगडीवर ठेवली. मुक्ताच्या खुर्चीसमोर ताट मांडलं. मीठ, लिंबू, चटणी, भाताची मूद, त्यावर तूप. नितीन दारात येऊन म्हणाला, "अगं, काय करतेस तू हे?" त्यालाही तेच आठवलं होतं, चेहरा पांढरा पडला होता.

मग मला एकदम सुचलं. श्राद्धाच्या पानाभोवती रांगोळी काढत नाहीत! दिवाळीचा रांगोळीचा डबा वरच्या कपाटात होता. डायनिंग टेबलच्या लाकडावरच मी ताटाभोवती ठळक रांगोळी काढली, हळदकुंकू घातलं. कुणाचा गैरसमज व्हायला नको... कुणाचा म्हणजे कुणाचा, ते मला विचारू नका. आमटीच्या वाटीवर ताटली झाकली आणि बाईंना दाखवलं. त्यांनी दोन्ही हात जोडले.

आणि आम्ही बोलायला लागलो. त्या जपानीत, मी मराठीत. गप्प बसलं की अस्वल डोळ्यांसमोर यायचं, म्हणून बोलत राहिलो. मी म्हटलं, "अहो, वीस वर्षांची घोडी झाली तरी शेंगेचा गर मी काढून द्यायचा. चावायचा कंटाळा महाराणीला!" त्या 'हाय, हाय', म्हणजे त्यांचं 'हो, हो', करत मान डोलवायच्या. मग त्या बोलायच्या, मधेच तोंडावर हात ठेवून हसायच्या, मधेच डोळे पुसायच्या, आणि मी "हो ना, हो ना" म्हणायची. एक अक्षर कळत नव्हतं.

मधूनमधून झाकणं उघडून बघायचो. एकदा मी ताटली उचलली तर आतून कोरडी. ठणठणीत कोरडी. आमटी गार झाली होती, आणखी काय? हे मला माहीत नव्हतं का? पण मी टेबलाशी उभी राहून ओक्साबोक्शी रडले. स्क्रीनवर बाई काहीतरी जोरात म्हणाल्या, दटावल्यासारखं, आणि हातानं गॅस पेटवल्याची खूण केली. गरम कर पुन्हा! मी मुकाट्यानं आमटी पुन्हा उकळवली, वाढली, झाकली. थेंब आले. त्यांनी त्यांचं झाकण दाखवलं, मी माझं. अशा किती खेपा झाल्या ते आठवत नाही.

मग तिकडे त्यांच्या घरचा फोन वाजला. त्या ऐकत राहिल्या आणि तशाच जमिनीवर बसल्या. माझ्याकडे वळून पहिल्यांदाच मला कळेल असा एक शब्द म्हणाल्या, "मुक्ता!" आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला. रडतायत की हसतायत? मी ओरडले, "काय झालं? अहो, सांगा ना!" त्यांनी हात काढले. हसत होत्या.

डोंगराखालच्या रस्त्यावर शोधपथकाच्या गाड्या उभ्या होत्या, तिथे मुक्ता स्वतःच्या पायानं चालत आली होती. गुडघा खरचटलेला, बाकी धडधाकट. घरी पोहोचल्यावर पोलिसांना खाली वाकून नमस्कार केला, आत येऊन ते ताट पुढे ओढलं आणि आमच्यादेखत सगळं संपवलं. मी एवढंच म्हटलं, "सावकाश खा गं." इकडचं पान नितीननं खाल्लं. आमटीचा थेंब ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी झोप झाल्यावर तिनं फोन केला. ओकासान शेजारी संत्रं सोलत बसल्या होत्या.

"आई, एक वियर्ड गोष्ट सांगू? धुक्यात काहीच दिसत नव्हता. मी एका दगडावर बसून राहणार होते, म्हटलं सकाळ होऊ दे. तेवढ्यात पुढून दोन बायकांचे आवाज आले. मस्त गप्पा मारत चालल्या होत्या. मला वाटलं माझ्यासारख्याच कोणी फिरायला आल्यात. मी त्यांच्या मागे मागे गेले. थांबल्या की मी थांबायची. खाली रस्त्यावर आले तर कोणीच नाही."

"थकलेली होतीस. भास होतात."

"आवाज तुमचा होता, आई. तुझा आणि ओकासानचा."

मी म्हटलं, "आमची आठवण येणारच ना अशा वेळी."

"हो, पण... मराठी बोलत होती ती ओकासान होती. आणि तू जपानी बोलत होतीस."

नितीन हसला. मीही हसले. "बरं, काय म्हणत होत्या तुझ्या ओकासान मराठीत?"

"अगं, तिचा मराठी माझ्यापेक्षा चांगला होता! म्हणत होती, वीस वर्षांची घोडी झाली तरी शेंगेचा गर काढून द्यावा लागतो. महाराणीला चावायचा कंटाळा."

नितीननं कप खाली ठेवला. माझं ते वाक्य त्यानं ऐकलं होतं. मुक्तानं ऐकणं शक्य नव्हतं, आणि तोवर आम्ही दोघांनीही तिला ते सांगितलेलं नव्हतं. रेकॉर्डिंग वगैरे काही नव्हतं.

"आणि मी?" मी विचारलं. "मी काय म्हणत होते?"

"इथे टॉयलेटमध्ये घालायच्या चपला वेगळ्या असतात. पहिल्या दिवशी मी त्या तशाच घालून आतल्या चटईच्या खोलीत गेले होते. मी तुला सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती. तू ते सांगत होतीस. आणि मग म्हणालीस की त्या रात्री पांघरुणात तोंड खुपसून पोट दुखेपर्यंत हसले. नवरा गेल्यापासून या घरात पहिल्यांदा हसले. म्हणून या पोरीला काही होऊ देऊ नको."

तिनं ओकासानना जपानीत काहीतरी विचारलं. त्यांच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. त्यांनी मुक्ताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग हळूच मान हलवली. हो, कॉलवर त्या माझ्याशी हेच बोलल्या होत्या. अगदी हेच.

नितीन इंजिनियर आहे, त्यानं चार दिवस डोकं चालवलं. धुक्यात आवाज लांबवर जातो म्हणे. पण ओकासानच्या घरापासून तो डोंगर बसनं बराच लांब, आणि ब्रिस्टलपासून किती ते तुम्हीच नकाशात बघा. मुक्ताचा फोन बंद होता. थकलेल्या मेंदूला आवाज ऐकू येतात हे मला मान्य, मी हॉस्पिटलातच काम करते. पण मी तिला कधी न ऐकवलेलं वाक्य त्या मेंदूत कुठून आलं? आणि मला 'आरिगातो', म्हणजे धन्यवाद, याच्या पुढे जपानीचा गंध नाही. उत्तर मिळालेलं नाही, आणि आता मी शोधतही नाही.

फोन ठेवता ठेवता मुक्ताला मी थट्टेत विचारलं होतं, "कशी काय बोलत होते गं मी जपानी?"

"छान बोलत होतीस," ती म्हणाली. "फक्त ते नवऱ्याचं सांगताना तुझी आवाज कापत होती."