ब्रेकमधली हवा

ब्रेक या विषयावर माझ्या मामांनी एकट्याने जितका विचार केलाय, तितका बेंगळुरूतल्या सगळ्या गाडीवाल्यांनी मिळून केला नसेल. हे मामा म्हणजे आईचे मावसभाऊ; सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, मल्लेश्वरमला एकटेच राहतात. पोर्चमध्ये माझ्याहून वयाने मोठी अशी दोन सीटची इंग्रजी स्पोर्ट्स कार. गल्ली मामांना अण्णा म्हणते आणि गाडीला बहुधा अक्का म्हणत असावी, कारण तिला हात लावायची कुणाची छाती होत नाही. काढलेला प्रत्येक बोल्ट लोणच्याच्या रिकाम्या बरणीत जातो. एकदा जेवताना मी भलतीच बरणी उघडली होती.

पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा जो मास्टर सिलिंडर, त्यात जुन्या काळी एकच कप्पा असे. कुठेही गळलं की चारही ब्रेक गेले. मामांनी दोन कप्प्यांचा नवा बसवला, पुढच्या चाकांना निराळा, मागच्यांना निराळा. इथल्या ट्रॅफिकमध्ये गाडी मुळात थांबलेलीच असते, तिला एवढे ब्रेक कशाला, असं मी विचारलं, तर दोन इडल्या संपेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

सिलिंडर बदलला की नळ्यांतली हवा काढावी लागते आणि त्याला दोन माणसं लागतात: एक पेडलवर, एक गाडीखाली. पेडलवर नेहमी मामी असायच्या. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या आणि ते काम माझ्याकडे आलं. सीट अजून त्यांच्या मापाने पुढे ओढलेली आहे. ती मागे सरकवायची परवानगी नाही, त्यामुळे मी गुडघे स्टिअरिंगला टेकवून बसतो. 'दाब, धर, सोड' एवढंच बोलत आमचे सात रविवार गेले. एकट्याने हवा काढायचं यंत्र त्यांच्या मुलाने परदेशातून पाठवलंय, ते फडताळात सीलबंद पडलेलं मी पाहिलं. विचारल्यावर मामा म्हणाले, ते भरवशाचं नाही.

गेल्या रविवारी पेडल दगडासारखं घट्ट लागलं. काम फत्ते झालं होतं. म्हणजे आता इथे यायला मला काही कारण उरलं नव्हतं, आणि व्हाइटफील्डच्या फ्लॅटवर तरी माझी वाट बघणारं कोण होतं? मला एकदम फार एकटं वाटलं.

"कसं लागतंय रे?" गाडीखालून मामांनी विचारलं. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

"स्वल्प मऊ आहे, मामा," मी म्हणालो.

नळीतून एकही बुडबुडा येत नाही, हे त्यांना तिथून स्वच्छ दिसत होतं.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी बघू. लवकर ये, नाश्ता इथेच कर."