हाकेला न येणारी गाय

बेरेन्ट वॉल्टेरिंक आज ज्या कुरणात रानगाई राखतात, ते कुरण पूर्वी त्यांचेच होते. आयसेल नदी आणि तिचा बांध यांच्यामधली ही सखल जमीन त्यांच्या आजोबांनी घेतली, वडिलांनी चर खणून तिच्यातले पाणी काढले आणि बेरेन्ट यांनी उमेदीची सगळी वर्षे तिच्यावर दुभत्या गाई चारल्या. पुढे नदीला पसरायला जागा द्यायची असे सरकारने ठरवले. एका निसर्गसंस्थेने जमीन घेतली, कुंपणे उपटली, चर बुजवले आणि जमीन विकणाऱ्यालाच राखणदार नेमले. बांधावर राहणारे एव्हर्ट हे त्यांचे शाळेपासूनचे मित्र. ते अजूनही म्हणतात, "स्वतःच्या शेतावर परक्याची चाकरी करणारा बेरेन्टच. वर भाकरीही तीच खातो, फक्त मालक बदललाय."

जमीन विकण्याचे कारण मात्र नदी नव्हती. त्याआधी काही वर्षे लाळ्या-खुरकताची साथ आली होती. वॉल्टेरिंकांच्या गोठ्यात एकही जनावर आजारी नव्हते. पण आजारी गोठा जवळच होता आणि नियमाप्रमाणे आसपासची सगळी जनावरे मारायची होती. पांढऱ्या कपड्यांतली माणसे अंगणात येऊन उभी राहिली. गाई बुजल्या आणि गोठ्याच्या कोपऱ्यात दाटीने उभ्या राहिल्या. त्या माणसांपैकी एक जण बेरेन्टना म्हणाला, तुम्ही बोलावलंत तर त्या निमूट येतील, त्यांचे हाल कमी होतील. ते चुकीचे नव्हते. बेरेन्ट यांनी दूध काढायच्या वेळची हाक घातली आणि गाई एकामागून एक त्यांच्याकडे आल्या.

ही हकिकत मला फक्त बेरेन्ट यांच्याकडून मिळाली आहे. त्यांच्या पत्नी डीनेके त्या वेळी स्वयंपाकघरात पडदे ओढून बसल्या होत्या. दुसरा साक्षीदार नाही, तरी या हकिकतीवर शंका घ्यावी असे मला काही आढळले नाही.

संस्थेचा उद्योग असा. युरोपातल्या सगळ्या गाईबैलांचा पूर्वज असलेला रानबैल सतराव्या शतकात नामशेष झाला. त्याच्या जातीची शेवटची गाय पोलंडच्या एका जंगलात मेली. त्याचे काही गुण आजच्या जातींत विखरून उरले आहेत: कुठे उंची, कुठे शिंगांचा बाक, कुठे रंग. स्पेन, पोर्तुगाल, इटली आणि स्कॉटलंडमधल्या जुन्या जातींचा संकर करायचा, दर पिढीतली हवी ती जनावरे ठेवायची, नको ती काढायची, आणि असे करत त्या पूर्वजाच्या जवळ जायचे. जे संपले ते परत येते, यावर माझा विश्वास नाही. येईल ते त्याच्यासारखे दिसणारे काहीतरी. पण कुरणात उभ्या असलेल्या जनावराला या वादाशी कर्तव्य नसते. त्याला ठेवायचे की काढायचे, एवढेच दर शरद ऋतूत ठरते. काढायचे म्हणजे कुरणातच गोळी, आणि मग मांस.

राखणदाराने पाळायचे नियम थोडे आहेत. चारा घालायचा नाही, नाव ठेवायचे नाही, गाय विताना हात लावायचा नाही. कानात बिल्ला मात्र हवा, कारण कायद्याला रानटी गाय ठाऊक नाही.

ज्या गाईची ही गोष्ट आहे, तिच्या बिल्ल्याचे शेवटचे आकडे एक्केचाळीस. ती तांबूस तपकिरी, उंच पायांची होती. तोंडाभोवती पिठात बुडवून काढल्यासारखे पांढुरके कडे होते आणि शिंगे बाहेर जाऊन पुढे वळत आणि टोकांशी पुन्हा आत येत. जुन्या हाडांवरून रानगाईचे जे चित्र उभे केले जाते, त्याच्या इतकी जवळ जाणारी दुसरी गाय त्या कळपात नव्हती, असे संस्थेचेही मत होते.

वॉल्टेरिंकांच्या घरात एक रीत होती. ख्रिसमसच्या सकाळी, घरातल्या कुणी खाण्याआधी, प्रत्येक गाईला राईच्या काळ्या पावाचा एकेक तुकडा द्यायचा. गोठा रिकामा झाल्यावर रीत आपोआप बंद पडली. राखणदारीच्या तिसऱ्या हिवाळ्यात, ख्रिसमसच्या सकाळी, बेरेन्ट कुरणात पाहणीला निघाले, तेव्हा त्यांच्या खिशात पाव होता.

"पाव कशाला घेतोयस?" डीनेकेंनी विचारले.

"वाटेत भूक लागली तर."

"आत्ताच तीन तुकडे खाल्लेस."

"मग चौथा."

त्या दिवशी एक्केचाळीस जवळ आली. बेरेन्ट सांगतात की त्यांनी हाक घातली नव्हती. डीनेके म्हणतात, ती आमच्या घरापर्यंत ऐकू आली. कसेही असो, गाईने पाव खाल्ला. पुढच्या ख्रिसमसलाही खाल्ला. दोन वर्षांत दोन तुकडे. माणसाजवळ खायला मिळते, हे शिकायला गाईला तेवढे पुरते.

वसंतात झुटफेन गावाकडची एक बाई कुरणातल्या पायवाटेने चालत होती. बाकावर बसून तिने डबा उघडला. एक्केचाळीस येऊन समोर उभी राहिली. बाई घाबरून उठली, डबा छातीशी धरला. गाईने डब्यासाठी मान पुढे घातली आणि शिंगाच्या नुसत्या धक्क्याने बाई पडली. मनगट मोडले. शिंगाचे टोक वीतभर वर लागले असते, तर हा मजकूर वेगळा झाला असता.

संस्थेतर्फे कळपाची निवड करणाऱ्या मारिट तेर हॉर्स्ट त्याच आठवड्यात आल्या. त्या स्वतः गोठ्यात वाढलेल्या, बोलण्यात सरळ. डीनेकेंनी कॉफी आणि डब्यातले प्रत्येकी एक बिस्किट पुढे ठेवले. मारिट यांनी बिस्किटाला हात लावला नाही.

"बेरेन्ट, तिला कुणीतरी खायला घातलंय."

"मी घातलं."

"ठाऊक आहे मला. दुसरं कुणी असतं तर तुम्हीच आधी फोन केला असता." त्यांनी कप खाली ठेवला. "या पायवाटेनं लहान मुलं जातात. सांगा, मी काय करू?"

"चूक माझी आहे, बाई. तिला का काढता?"

"कारण तुम्हाला गोळी घालता येत नाही," मारिट म्हणाल्या आणि लगेच हात वर केला. "माफ करा. हे बोलायला नको होतं."

"असू द्या. खरंय ते."

शेवटी ठरले ते असे. शरद ऋतूतल्या निवडीच्या दिवशी मारिट नेहमीप्रमाणे कळपाकडे सरळ चालत जातील. माणूस जवळ येऊ लागला की जनावराने उठून सावकाश दूर जावे, अशी अपेक्षा असते. एक्केचाळीस दूर गेली, तर राहील. जवळ आली, तर त्याच दिवशी जाईल. तोवर ती नदीपलीकडच्या बंद भागात राहील, जिथे वाट नाही.

घरी परतताना मारिट फाटकाशी थांबून म्हणाल्या, "तिला माणसाची भीती वाटायला हवी. आणि माणसाजवळ यायला ती शिकली ती तुमच्याकडून. तेव्हा हे काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

ज्या माणसाने आयुष्यात गाईवर हात उगारला नव्हता, त्याने त्या उन्हाळ्यात विलो झाडाची काठी तोडली. एव्हर्ट होडीतून त्यांना पलीकडे सोडत आणि काठावर बसून राहत. पहिल्या दिवशीचे वर्णन त्यांचेच आहे. गाय लांबून ओळखून आली. बेरेन्ट यांनी जुन्या दुधाच्या कॅनचे झाकण वाजवले. ती थांबली, कान हलवले आणि पुन्हा चालू लागली.

"तिला वाटतंय तू बँड घेऊन आलायस!" एव्हर्ट ओरडले.

"गप बस."

"अरे, तोंड तरी रागीट कर. असा चेहरा करून मी कर्ज मागायला जातो."

ती हाताच्या अंतरावर आली आणि तिने खिसा हुंगला. बेरेन्ट यांनी काठी तिच्या नाकाडावर मारली. एव्हर्ट सांगतात की त्यानंतर आपल्याला काही विनोद सुचला नाही. गाय मागे सरली, पण पळाली नाही. काय झाले ते न कळल्यासारखी उभी राहिली आणि पुन्हा पुढे आली. बेरेन्ट यांनी पुन्हा मारले, या वेळी जोरात.

परतताना होडीत एव्हर्ट म्हणाले, "सोड ना. एक गाय आहे. दर वर्षी जातातच की."

"त्या हाकेला आल्या होत्या," बेरेन्ट म्हणाले.

कोणत्या गाई, हे एव्हर्टना विचारावे लागले नाही.

हे काम उन्हाळाभर चालले. बेरेन्ट ढेकळे मारत, कोट फडकावत, ओरडत. घरी आले की जेवत नसत. एका संध्याकाळी डीनेकेंनी वाटाण्याचे घट्ट सूप समोर ठेवले आणि म्हणाल्या, "आज काय झालं?"

"आज मी होडीतून उतरलो आणि ती पळाली."

"मग चांगलंच झालं की."

"हो," ते म्हणाले. "चांगलंच झालं."

निवडीआधी एक्केचाळीसला परत कळपात आणले होते. निवडीच्या दिवशी मारिट चालत गेल्या. बेरेन्ट यांना बांधावर थांबायला सांगितले होते. कळप उठला आणि बाजूला झाला. एक्केचाळीस सर्वांच्या आधी उठली आणि सर्वांपेक्षा लांब गेली. अहवालात तिच्यापुढे "अंतर समाधानकारक" एवढेच शब्द आहेत. अहवालाकडून याहून अधिक अपेक्षा करणेही चूक ठरेल. फक्त एक गोष्ट त्यात नाही, आणि ती मारिट यांनी मला स्वतः सांगितली: गाय त्यांच्याकडे पाहतच नव्हती, बांधावर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहत होती.

ती गाभण होती. एप्रिलच्या सुरुवातीला, सकाळी, बेरेन्ट आणि डीनेके बांधावरून पाहणी करत होते. त्या दिवशी पाऊस होता असे डीनेके म्हणतात, ऊन होते असे बेरेन्ट म्हणतात. जवळच्या वेधशाळेची नोंद पाहिली तर दोघेही खरे बोलतात. एक्केचाळीस कळपापासून बाजूला, विलोच्या झुडपांशी आडवी पडली होती. बेरेन्ट यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि ती बराच वेळ खाली घेतली नाही.

"खुरांचे तळवे वर आहेत," ते म्हणाले. "वासरू उलटं येतंय."

मागच्या पायांनी येणारे वासरू आत गुदमरू शकते. लवकर ओढावे लागते. अशी किती वासरे त्यांनी ओढली होती, त्याची गणती त्यांनाही नाही. ते सायकलच्या पिशवीतला दोर घेऊन उतरू लागले.

"बेरेन्ट, नियम..."

"नियम राहू दे."

गाईने त्यांना पाहिले आणि ती उठली. वासराचे दोन पाय बाहेर लोंबत असताना ती धावत सुटली आणि पाण्याच्या काठाशी जाऊन उभी राहिली. बेरेन्ट थांबले, तेव्हा ती थांबली. ते पुन्हा दोन पावले गेले, तेव्हा ती पाण्यात शिरली. मग त्यांनी हाक घातली. दूध काढायच्या वेळची, तीच. इतक्या वर्षांनी ती हाक डीनेकेंनी पहिल्यांदाच स्पष्ट ऐकली, आणि ती ऐकताच गाय आणखी खोल पाण्यात गेली.

त्यांनी दोर खाली टाकला. पाठ फिरवून बांधाकडे चालू लागले, चढले, आणि पलीकडच्या उतारावर, नदीकडे पाठ करून, गवतात बसले. डीनेके वर दुर्बीण घेऊन पालथ्या पडल्या.

"आली का बाहेर?"

"आली. उभी आहे."

"आडवी का होत नाही?"

"इकडेच बघतेय. तुझी टोपी दिसत असणार. खाली सरक."

ते सरकले.

"अजून. तुझं डोकं काही लहान नाही."

ते उताराच्या तळाशी गेले. आता तिथून काहीच दिसत नव्हते. आकाश, गवत आणि पत्नीच्या बुटांचे तळ.

"डीनेके, तिथं फार वेळ गेला तर मला फोन करावा लागेल. गोळीवाल्याला." त्यांनी फोन हातात धरला होता. "तिला संध्याकाळपर्यंत तसंच ठेवता येणार नाही."

"थांब जरा."

"झाली का आडवी?"

"गुडघे टेकले... हो. झाली."

त्यानंतर किती वेळ गेला, हे मी दोघांना वेगवेगळे विचारले आणि दोघांनीही सांगायला नकार दिला, इतकाच तपशील नोंदवतो.

"बाहेर आलं," डीनेके म्हणाल्या.

"हलतंय?"

त्यांनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना नीट लावली.

"डीनेके. हलतंय का?"

"ती चाटतेय. मला त्याचं डोकं दिसत नाही, ती मध्ये आहे. थांब. सरक गं बाई... कान. कान हलवला त्यानं. बेरेन्ट, मान उचलतंय!"

त्यांनी फोन खिशात ठेवला. डीनेकेंनी मागे वळून दुर्बीण पुढे केली. "ये वर. बघ तरी. अगदी पालथा पडून ये, ती नाही बघायची."

बेरेन्ट उठून उभे राहिले, गुडघ्यांना लागलेली माती झटकली आणि बांधाच्या माथ्याकडे एकदा पाहिले.

"वारा तिकडे जातोय," ते म्हणाले. "तिला माझा वास येईल."

मग ते बांधाखालच्या वाटेने घरी गेले. ती वाट लांबची आहे आणि तिच्यावरून कुरण कुठूनच दिसत नाही.