पिशवीवाला उंदीर आणि फड्या निवडुंग

विट्याच्या एसटी स्टँडमागे एका न्हाव्याचं सलून आहे. तिथं दिवसभर टीव्हीवर प्राण्यांचं चॅनेल चालू असतं. तो कधीच थेट आपल्याशी बोलत नाही, आरशातल्या आपल्याशी बोलतो. चिडला की वस्तरा हवेतच थांबतो आणि आपण गालाला फेस घेऊन बसून राहायचं.

परवा टीव्हीवर ऑस्ट्रेलियातला बोटाएवढा प्राणी होता. दिसायला उंदीर, पण पोटाला पिलांची पिशवी. म्हणे पाण्यावाचून जगतो. मांजरांनी खाऊ नये म्हणून लोकांनी त्याच्या माळाला कुंपण घातलं होतं.

वस्तरा थांबला.

"पानी पीत न्हाई म्हनून केवढं कौतिक! आन आमच्या फड्या निवडुंगानं कवा कुनाकडं पानी मागितलं? दुष्काळात काटं भाजून मेंढरास्नी त्योच घातला आमी. त्या उंदराला कुंपान घालत्यात, आन हितं उभं कुंपानच उपटलं!"

खरंच होतं. दुकानाशेजारचं निवडुंगाचं जुनं कुंपण सुशोभीकरणाच्या नावाखाली जेसीबीनं काढलं आणि तिथं पाम लावले. आमचे नळ कोरडे, आणि पामांना टँकर!

उपटलेल्या निवडुंगाचं एक फड, म्हणजे जाड काटेरी पान, त्यानं तेलाच्या डब्यात लावून दारातच ठेवलंय. काल पामांची पाहणी करून नगरपालिकेचे साहेब दाढीला आले, आणि त्यांची पँट काट्यात अडकली.

"अरे, हा डबा हलव आधी!" ते ओरडले.

पहिल्यांदाच तो आरशाकडे पाठ करून माणसाकडे वळला.

"आदी तुमचं पाम हलवा, सायेब. मग डबा हलवतो."