रॉकेल घातलेलं पेट्रोल

माझ्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्या नाहीशा व्हायला लागल्या, तेव्हा मी उगाच मोलकरणीवर डोळा ठेवला. नेत होते मामंजी, माझे सासरे, आणि टाकत होते मोटारीच्या टाकीत!

युद्ध संपलं होतं, पण पेट्रोल अजून कुपनावरच मिळायचं. वसईजवळ गिरीजला आमची केळीची वाडी. वाडीत पाणी चढवायला इंजिन होतं. ते आधी वाटीभर पेट्रोलवर सुरू करायचं आणि चांगलं तापलं, की तोटी फिरवून रॉकेलवर टाकायचं. मग दिवसभर फटफट करत चाललंय आपलं. इंजिनासाठी म्हणून वाडीवाल्यांना रॉकेल मिळायचं. मामंजींनी मुंबईच्या कुणाकडून जुनी मोटार घेतली, तेव्हा त्यांनी ठरवूनच टाकलं, इंजिन म्हणजे इंजिन, तिथलं काय नि इथलं काय. टाकीत थोडं पेट्रोल, वर रॉकेल, आणि रॉकेलने मंदावलेल्या पेट्रोलला जोर यावा म्हणून माझ्या डांबरगोळ्या. हे शहाणपण त्यांना कुणी शिकवलं देव जाणे.

मोटार चालायची, नाही असं नाही. ठोके देत, मागे काळा धूर सोडत चालायची. स्टेशनवर वाडीतल्या भाजीच्या पाट्या पोचवायला तेवढं पुरत होतं. पण माझ्या थोरल्या जाऊबाईंचे दिवस भरत आले होते. लग्नाला इतकी वर्षं होऊन पहिलंच. थोरले दीर नोकरीला मुंबईत, म्हणून मोटार चालवायचे आमचे हे. ते मामंजींना म्हणाले, "बाळंतपण होईतो टाकीत निव्वळ पेट्रोल राहू द्या."

"वाडीतलं इंजिन कधी रुसलंय का?" मामंजी म्हणाले.

आमच्या घरात त्यांचं वाक्य संपलं की विषय संपायचा.

दुपारची जेवणं उरकून आम्ही भांडी घासायला काढली आणि जाऊबाईंना कळा सुरू झाल्या. सुईणीने पोट चाचपलं नि तिचा चेहराच उतरला. "मूल आडवं आहे. हे माझ्या हातचं नाही. वसईला दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता." गडी बैल जुंपायला धावला, तर मामंजी त्याच्यावर खेकसले. "घरात मोटार असताना माझी सून खडखडत जाणार?" त्यांचा जीव होता हो जाऊबाईंवर. त्याचंच तर वाईट वाटतं.

निघालो. हे आणि मामंजी पुढे. मागे जाऊबाईंचं डोकं माझ्या मांडीवर, पायांशी सुईण. रॉकेलच्या वासाने मलाच मळमळत होतं, त्यांचं काय होत असेल! वाटेत केळ्यांचे घड भरलेल्या बैलगाड्या आडव्या आल्या म्हणून यांनी मोटार हळू केली, थांबवली. ती जी गप्प झाली ती झालीच.

यांनी हँडल मारलं. पुन्हा मारलं. रॉकेलच्या काजळीने काळेकुट्ट झालेले प्लग काढून धोतराच्या सोग्याने पुसले, पुन्हा बसवले, पुन्हा हँडल. हातांना फोड आले, फुटले. मामंजी बाजूला उभे राहून एकच म्हणत होते, "आता लागेल. तापली की लागेल." एक गाडीवाला पुढे झाला. "शेट, केलीचे घड उतरवतो, बायला गाडीत घ्या."

"थांब रे, लागतंय!"

जाऊबाई आता ओरडतही नव्हत्या. माझा हात धरला होता, तोही त्यांनी सोडला. मी आजवर मामंजींसमोर मान वर केली नव्हती. त्या दिवशी भर रस्त्यात किंचाळले, "मामंजी, पुरे झालं! मरतील त्या!" मग घड रस्त्यावर उतरले आणि आम्ही गाडीतून दवाखान्यात गेलो. जाऊबाई वाचल्या. मूल वाचलं नाही. लवकर आणायला हवं होतं, एवढंच डॉक्टर बोलले.

पुढे भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, नशीब एकेकीचं! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी एकीला तोंडावर म्हणाले, "नशीब कसलं बोडक्याचं? टाकीत रॉकेल होतं!" मामंजी ओटीवरच बसले होते. त्यांनी ऐकलं.

मूल गेलं, की ते काय होतं हे आईला सांगायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. सासूबाईंनी आम्हा सगळ्यांना शपथ घातली होती. पुरायला मामंजी स्वतः घेऊन गेले होते.

मी रॉकेलचं बोलले त्याच संध्याकाळी ते बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी आले. आत पाऊल टाकलं नाही. "चुकलं माझं, पोरी," म्हणाले. मी तिथेच शेगडी फुंकत होते. त्या घरात हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते.

जाऊबाईंनी नेहमीसारखा पदर पुढे ओढला. सासऱ्यांशी त्या कधी थेट बोलत नसत, काय हवं-नको ते माझ्याकरवी सांगत. त्या दिवशी पदराआडून त्यांनी विचारलं, "मामंजी, मुलगा होता की मुलगी?"

मामंजींनी चौकट धरली.

"मुलगी," ते म्हणाले. "जावळ भरपूर होतं."